प्रथिन न बनवणारा आरएनए

धुळे, मंगळवार, ११ फेब्रुवारी १९९७

आज माझ्या मार्गदर्शक सरांना प्रबंधातलं तिसरं प्रकरण दाखवलं आणि मन थाऱ्यावर नाही. चरबीतला तो एक आरएनए त्यांना खटकला. जाड रुग्णांच्या चरबीत तो जास्त सापडतो, पण नेहमीच्या आरएनएसारखं त्यापासून प्रथिन मात्र बनत नाही.

"कचरा आहे तो, मॅडम. गाळून टाका, नाहीतर परीक्षक तुम्हालाच गाळतील."

मी होकारार्थी मान हलवली. का हलवली? तीनदा प्रयोग केला, तीनदा तो दिसला. पण खरंच कचरा असेल तर? माझ्याच हातून नमुने बिघडले असतील तर?

खाली दवाखान्यात भडगावच्या अक्का भेटल्या, तपासणीला आलेल्या. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी चरबीचा तुकडा दिला होता.

"माय, मनी चरबीमा काय सापडनं?"

"तुमच्या चरबीत सापडलंय काहीतरी, अक्का. पण ते काय काम करतं, कळत नाही."

"मंग तसंच लिख ना!"

किती सहज म्हणाल्या. संध्याकाळी टायपिस्टकडे गेले. त्या आरएनएचा परिच्छेद गाळला नाही, उलट शेवटी एक वाक्य वाढवलं: 'याचे कार्य अद्याप कळलेले नाही.' ते टाईप होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

सरांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी, चहाच्या आधीच सांगेन.