वाघिणीचा सोमवार

आबा, तुमच्याविरुद्ध माझी पहिली तक्रार साबुदाण्याची आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि तेव्हापासून दर सोमवारी ही गिळगिळीत खिचडी माझ्या ताटात पडते; कारण घरातला सोमवार मोडायचा नाही, असं माईने बजावलं होतं. आमचे हे शंकराचे मोठे भक्त, असं ती आमच्या सगळ्या लिंबायत वस्तीला सांगायची. मी पडलो संस्कृतचा मास्तर. स्तोत्रं म्हणून तुमच्या भक्तीला शास्त्राधारही मीच पुरवला. खरी गोष्ट तुम्ही एकदाच, माई घरात नसताना, ओशाळून सांगितली होती. सर्कशीत वाघांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवायची रीत, तुमच्याकडे तो दिवस सोमवार, आणि तुम्ही सांभाळायचात त्या उपाशी वाघिणीसमोर बसून भाकरी खाणं तुम्हाला जमेना. तेव्हा माझ्या व्रताची अधिष्ठात्री देवता एक वाघीण आहे.

मी तिला कधी पाहिलं नाही, पण तिचा वास मला पाठ होता. तुम्ही वर्षातून दोनदा घरी यायचात आणि तुमचा सदरा दोनदा धुतला तरी तिचाच असायचा. विशेष करून हुंगतो तो व्याघ्र, असं मी वर्गात शिकवतो, तेव्हा मला माझंच नाक आठवतं. अकरा वर्षांचा असताना मला टायफॉईड झाला. माईने तार केली. तुम्ही आला नाहीत. वाघिणीचा पंजा चिघळला होता. पंधरा दिवसांनी तुम्ही दारात उभे आहात, मी भिंतीकडे तोंड करून पडलोय. तुम्ही कपाळावर हात ठेवलात आणि म्हणालात, "तुले माय से रे भाऊ. तिले कोण से?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. राग त्याचाच आहे.

पुढे माझ्या लग्नाच्या सुमारास सरकारी माणसं सर्कशीतले वाघ सोडवायला आली. तुमची वाघीण त्यांच्या पिंजऱ्यात पाऊल टाकेना. मग तुम्हीच तिथे उकिडवे बसून दुपारभर हाका मारत राहिलात, आणि ती आत गेली. स्वतःची नोकरी तुम्ही अशी स्वतःच्या हाताने गाडीत चढवून दिलीत. तिला गवत, तळं, डॉक्टर मिळाले. तुम्हाला लूमच्या कारखान्याबाहेर वॉचमनची खुर्ची. मी मनातून खूश होतो. आता तरी बाप आपल्या वाट्याला आला, म्हटलं. पण सोमवार आला की तुम्ही ताट बाजूला सारायचात.

आता पुढचं ऐका. तुम्ही गेलात तेव्हा चार वर्षांची असलेली तुमची नात जनावरांची डॉक्टर झाली आणि अशाच सोडवलेल्या जनावरांच्या आश्रयस्थानात नोकरीला लागली. कुणा हौशी माणसाने बंगल्यावर फोटो काढायला साखळीने बांधून ठेवलेली एक वाघीण तिच्याकडे आहे. एवढं मोकळं आवार मिळूनही ती साखळीएवढ्याच गोलात फिरते म्हणे. गेल्या सोमवारी फोनवर मी सहज विचारलं, जेवलीस का.

"नाही पप्पा. आज यांना खायला देत नाहीत ना, मग मलाही जात नाही."

तुमची गोष्ट मी तिला कधीच सांगितलेली नाही, आबा. मी, पन्नाशीचा प्रतिष्ठित गृहस्थ, खिचडीची बशी पुढ्यात घेऊन एका वाघिणीवर जळत होतो. तुमच्यावर त्याहून जास्त. एवढी वर्षं पोरीच्या फिया मी भरल्या, वेण्या मी घातल्या, आणि ती गेली तुमच्यावर.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. साबुदाण्याचं काही नाही, त्याची सवय झाली. पुढच्या गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे आणि मी पोरीला कळवलेलं नाही. तिला सुट्टी मिळायची नाही, उगाच काळजी करील, असं तुमच्या सुनेला सांगितलंय. ते खोटं आहे. कळवल्यावरही ती आली नाही तर, याची मला भीती वाटते.