जोनालिनच्या बाळंतपणाची माझी तयारी

मानांग लुडिविना,

समोर असतीस तर थोरली बहीण म्हणून तुझा हात धरून कपाळाला लावला असता. पत्रातून ते जमत नाही, म्हणून तुझ्या मागच्या पत्राचं पाकीट लावलं. (पाकिटाला मलमाचा वास येत होता, तेव्हा खोकला अजून आहे असं धरून चालतो.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हणून सांगितलं आणि तू थेट चर्चच्या घंटेपर्यंत चढून गेलीस हे मला कळलं आहे. कोणाकडून ते विचारू नकोस. इकडे सगळे खुशाल. बोटींची इंजिनं नेहमीसारखी बिघडतात, त्यामुळे माझं बरं चाललं आहे. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने जोडतेस, आणि हा विषय तसा जोडण्यातला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. शहरातल्या प्रसूतिगृहात तू जन्मभर बाळंतपणं केलीस, तेव्हा तुला यात नवल वाटायचं नाही. तरीपण एका इंजिनमिस्त्रीने हे काम किती पद्धतशीर पार पाडलं ते तुझ्या कानावर असावं, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

तुला माहीतच आहे की आमच्या लेकीचा, जोनालिनचा, नवरा मालवाहू जहाजावर आहे, आणि माझी बायको फ्लोर्देलिसा हाँगकाँगला दुसऱ्यांची पोरं सांभाळते. म्हणजे घरात मी, जोनालिन आणि जोनालिनचं पोट. बेत असा होता की दिवस भरत आले की तिला खाडीपलीकडच्या गावातल्या दवाखान्यात नेऊन ठेवायचं. पण यंदा ईशान्येचा वारा लवकर सुटला, आणि एकदा तो सुटला की तटरक्षकवाले लाकडी बोटींना किनाऱ्यावरून हलूच देत नाहीत. मी म्हटलं, वेळ सांगून येत नाही, घरी सगळी सज्जता पाहिजे. जोनालिन म्हणाली, अजून बरेच दिवस आहेत ताताय, उगाच घर डोक्यावर घेऊ नका. पण सुटे भाग न घेता समुद्रात जाणाऱ्यांची काय गत होते ते तिने पाहिलेलं नाही. मी त्यांना दोराने ओढून आणतो.

सुरुवात शिक्षणापासून केली. आरोग्यकेंद्रात गरोदर बायकांचा वर्ग भरणार होता. जोनालिनच्या पायांना सूज, म्हणून तिच्या जागी मी गेलो. मानांग, सगळ्या बायका पोटं सांभाळत बसलेल्या आणि मधोमध मी. (पोटाच्या बाबतीत मी फारसा वेगळा दिसत नव्हतो, हे वाक्य माझं नाही, तिथल्या नर्सबाईंचं आहे.) कापडी बाहुली एकेकीच्या हातात देत होते. माझ्याकडे आली ती बराच वेळ माझ्याकडेच राहिली, कारण मला शंका खूप होत्या. शेवटी नर्सबाई म्हणाल्या, मानोंग दादा, आता ज्यांना खरोखर मूल होणार आहे त्यांनाही थोडं विचारू द्या. पण शिकलो सगळं. हात कोपरापर्यंत धुवायचे, बाळाला कोरडं पुसायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून पांघरूण घालायचं, नाळ कापायची घाई करायची नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे काहीही ओढायचं नाही. हे शेवटचं मला जड गेलं. माझ्या धंद्यात निम्मं काम ओढण्याचंच असतं.

मग खोली. डिझेलचे डबे बाहेर काढले, भिंती साबणाने धुतल्या, खिडकीला नवी जाळी लावली. घराखाली बांधलेला झुंजीचा कोंबडा तेबानकडे पाठवला. (तेबान म्हणजे शेजारचा, ज्याच्या थोरल्याचा मी धर्मपिता, म्हणून मला पारे म्हणतो; कोंबडा परत देताना तो जरा बारीक वाटला, पण ते असो.) कात्री उकळायला ठेवली आणि एका इंजिनाच्या नादात विसरलो, तर तिची प्लास्टिकची मूठ वितळून पातेल्याला चिकटली. दुसरी अख्खी लोखंडी आणली, ती तीन वेळा उकळली. पलंगाखाली लाकडी ठोकळे घालून तो माझ्या कामाच्या टेबलाइतका उंच केला, म्हणजे वाकावं लागू नये. तीस वर्षं इंजिनांवर वाकून माझ्या कमरेचं काय झालं आहे ते तुला ठाऊक आहे. पलंग इतका मजबूत बसला की वर उभा राहून मी दिवा बदलला. सरावासाठी बाळाच्या वजनाची तांदळाची पिशवी शिवली. ती पुसायची, गुंडाळायची, छातीशी धरायची. एकदा जोनालिन आत आली तेव्हा मी पिशवीला थोपटत अंगाई म्हणत होतो. ती दार लावून गेली.

बोटीची रंगीत तालीमही केली. वारा पडला तर दवाखाना गाठायचा, म्हणून घरापासून बोटीपर्यंत बाईमाणसाला कसं न्यायचं ते पाहायचं होतं. जोनालिनने साफ नकार दिल्यामुळे बाळंतीण मी झालो. तेबान आणि त्याच्या पोरांनी मला झोळीत घालून नेलं, मी खरं वाटावं म्हणून मधून मधून कण्हत होतो. गावाने ते ऐकलं. आम्ही तालीम संपवून परत येतो तो दारात आल्याच्या पेजेची पातेली, उकडलेली अंडी आणि कोणीतरी चक्क केक आणून ठेवलेला. जोनालिन पायरीवर बसून अंडं सोलत होती. परत कसं करणार, मन दुखावतं लोकांचं. खाल्लं सगळं. खाताना तेबान म्हणाला, "पारे, इंजिन उघडून ठेवून तू घरी जेवायला जातोस, दोन दिवसांनी परत येतोस. इथे तसं चालायचं नाही हं." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ज्याला स्वतःच्या बोटीचा पंखा बसवता येत नाही त्याचं काय मनावर घ्यायचं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या मंगळवारी दुपारी वारा असा होता की नारळाची झाडं एकाच बाजूला पाहत होती. आमच्या आरोग्यकेंद्राच्या नर्सबाई सकाळीच लशी आणायला पलीकडे गेलेल्या, त्या तिकडेच अडकल्या. मी अंगणात एक पंप खोलून बसलो होतो. आतून जोनालिन म्हणाली, ताताय, पाणी गेलं. मी म्हटलं, बघतो, आणि मागे जाऊन टाकी पाहिली. टाकी काठोकाठ. नळ सोडला, नळ व्यवस्थित. आत येऊन तिला सांगितलं की पाणी मुळीच गेलेलं नाही, तर ती चुलीजवळ ओट्याला धरून उभी, पायाखाली ओलं, आणि माझ्याकडे अशी बघते आहे जशी तिची आई बघते. तेव्हा मला कळलं.

मी लगेच कामाला लागलो. तेबानला हाक मारली आणि पलीकडच्या दवाखान्याला फोन कर म्हटलं. फोन फक्त टेकडीवरच्या चर्चच्या वरच्या पायरीवर लागतो, म्हणून तो तिकडे धावला. मी हात धुवायला घेतले. जन्माचं ग्रीस, साबणाने निघेना. रॉकेल लावलं, ग्रीस निघालं, पण आता रॉकेलचा वास. तो घालवायला पुन्हा साबण. वर्गात सांगितलं होतं तसं कोपरापर्यंत, नखांतून, बोटांच्या बेचक्यांतून. आतून जोनालिनचा आवाज आला, शांत, पण दात आवळून. "ताताय, हात पुरे झाले. या आता."

तिला म्हटलं, पलंगावर चल. ती पलंगासमोर उभी राहिली. पलंग तिच्या छातीपर्यंत. मानांग, इतके दिवस मी त्या पलंगाचं माप माझ्या कमरेवरून घेत होतो. स्टूल आणू का, विचारलं. तिने वरची धुतलेली चादर आणि पंचे एका झटक्यात खाली ओढले, चटईवर पसरले आणि पलंगाच्या एका ठोकळ्याला धरून गुडघ्यांवर बसली. (म्हणजे पलंग उपयोगी पडलाच.)

एवढ्यात तेबान खिडकीशी आला. दवाखान्यातल्या बाई विचारतात, कळा किती वेळाने येतात? मी सांगितलं, थांबतच नाहीत. तो हे सांगायला टेकडीवर गेला. तो परत येईपर्यंत डोकं दिसायला लागलं होतं, आणि तो ओरडून सांगत होता की बाई म्हणतात तिला डाव्या कुशीवर निजवा आणि घाबरू नका. मी म्हटलं, डोकं दिसतंय म्हणून सांग. तो पुन्हा पळाला. बिचारा त्या दिवशी जितकी टेकडी चढला तितकी साऱ्या जन्मात चढला नसेल, आणि प्रत्येक सल्ला आम्हाला एक मुक्काम मागे राहून मिळाला.

मी ओढलं नाही. हे मला तुला मुद्दाम सांगायचं आहे. हात खाली धरून ठेवले आणि ओढलं नाही. डोकं बाहेर आलं तेव्हा मानेभोवती नाळेचा एक वेढा होता. बोट आत सरकवलं, सैल होता, डोक्यावरून काढून घेतला, चाकावरून पट्टा उतरवतो तसा. पुढच्या कळेला सगळं बाळ एकदम माझ्या हातांत घसरलं. मुलगी. आणि ती रडेना.

निळसर होती. हलत नव्हती. माझ्या दोन्ही हातांत मावत होती, आणि तांदळाची पिशवी कधी इतकी सैल पडलेली नव्हती. वर्गातलं सगळं मला पाठ होतं, मानांग, विसरलो नव्हतो. फक्त त्यातलं एकही मला आठवत नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिलो. बाहेर वाऱ्याने पत्रा वाजत होता तो ऐकत राहिलो. जोनालिन मान वळवून म्हणाली, "पुसा तिला. ताताय, पुसा. थांबू नका." मग मी पुसायला लागलो. पाठ, छाती, पाय, पुन्हा पाठ. पंचा ओला झाला, दुसरा घेतला. जोनालिन तिच्याशी बोलत होती, हळू, जणू उठायला उशीर करणाऱ्या पोरीला शाळेसाठी उठवते आहे. मी पाठ चोळत होतो आणि मनातल्या मनात ज्या ज्या संताचं नाव येईल त्याला पकडत होतो. मग ती शिंकली. एकदा. आणि मग असा गळा काढला की खिडकीखाली येऊन पोचलेला तेबान पायरीवरच बसला. दम खात म्हणाला, बाई विचारतात, पाणी उकळायला ठेवलं का?

तिला जोनालिनच्या छातीवर ठेवलं, पांघरूण घातलं. वार आपली आपण आली, तीही मी ओढली नाही. जोनालिन म्हणते त्या वेळी खोलीत दोघं जण रडत होते. खिडकी उघडी होती, वाऱ्याबरोबर खारं पाणी उडतं, डोळ्यांत जातं. संध्याकाळी वारा किंचित पडला तेव्हा तटरक्षकांच्या मोठ्या बोटीतून नर्सबाई आल्या. त्यांनी दोघींना तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या, आणि नाळ स्वतःच्या कात्रीने कापली. माझी तीनदा उकळलेली कात्री त्यांनी बघितलीसुद्धा नाही. बाळंतपण कोणी केलं असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला. जोनालिननेही केला. नर्सबाईंनी तिचं नाव लिहून घेतलं.

तर एकंदरीत सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. मुलीला भरपूर केस आहेत आणि ती आपल्या आईसारखी कपाळाला आठी घालते.

तुझा धाकटा भाऊ,
एउसेबियो

ता. क. फ्लोर्देलिसाला मी कळवलं आहे की त्या दिवशी समुद्र शांत होता आणि दवाखान्यातल्या बाई सतत सोबत होत्या. (टेकडीमार्गे होत्याच.) तुला फोन आला तर ऐकू येत नाही म्हण. तुझ्यावर कोणी संशय घेणार नाही.

दुसरा ता. क. काल गावप्रमुख घरी आले होते. घरी बाळंतपण करण्यास मनाई आहे हा नियम त्यांनी उभं राहून वाचून दाखवला. मग कॉफी घेतली. मग बाळाला पाहिलं. मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाले की त्यांच्या सुनेचे दिवस पुढच्या महिन्यात भरतात, वाऱ्याचा काही नेम नाही, तर तुम्ही घरीच असाल ना? मी फक्त इंजिनं दुरुस्त करतो असं सांगितलं. त्यांना तो विनय वाटला. तेबानने सगळीकडे काय सांगून ठेवलं आहे देव जाणे, आज सकाळी ती सून स्वतः येऊन आमचा पलंग बघून गेली. मानांग, मला हे पुन्हा जमायचं नाही. तुझी ती बाळंतपणाची काळी पिशवी घेऊन पहिल्या बोटीने ये. गुडघ्यासाठी धक्क्यापासून घरापर्यंत झोळीची सोय आहे, तिची तालीम झालेली आहे.

टिया, मी तुमची भाची जोनालिन. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली जागा होती तिथे लिहिते. तुम्ही याच, पण त्या सुनेसाठी नाही, तिला तिचा नवरा पुढच्या आठवड्यात शहरात नेतोय. ताताय दिवसभर काम सोडून आत येतात आणि बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का बघतात. रॉकेलच्या वासाने ती जागी होते आणि रडते. रडली की ते म्हणतात, बघ, आहे, आणि बाहेर जातात. जरा वेळाने पुन्हा येतात. मी सांगून दमले, ते माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. ती नीट श्वास घेते आहे, एवढं तुम्ही येऊन त्यांना सांगा.