आत्याबाई बंद कशी पडली

सोमवार, ४

आत्याबाईची तार मीच सैल केली. झालं, लिहून टाकलं. आता जरा हलकं वाटतंय.

आत्याबाई म्हणजे आमची गाडी. बाबांच्या ड्रायव्हिंग क्लासची. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, म्हणजे तेवीस. घरात सगळ्यात जास्त कुरकुर तिचीच, म्हणून आत्याबाई. (खऱ्या आत्याला हे माहीत नाही.) हिला क्लच-ब्रेकच्या दोन जोड्या आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शेजारी बसलेल्या बाबांच्या पायाशी. शिकणारा घाबरून भलतंच दाबायला लागला की बाबा आपल्या बाजूचा ब्रेक दाबतात. तेवीस वर्षांत कुणाला ओरखडा नाही. अर्धी गल्ली बाबांच्या हाताखाली शिकलेली. त्यांना इथे कुणी नावाने हाक मारत नाही. नुसतं ‘सर’.

मागच्या आठवड्यात बाबा म्हणाले, “हिने एकदा जरी भर रस्त्यात दगा दिला ना, त्या दिवशी विकली समज.” मी म्हटलं, बरं. बॉनेटखाली एक जाड काळी तार असते. ती पुरती काढायची नाही, नुसती सैल करून ठेवायची. खड्डा आला की आपली आपण निसटते.

निसटली. चौकात. मागे हॉर्नचा बाजार. बाबा उतरले, पाच मिनिटांत तार बसवली आणि बॉनेटवर थोपटलं. “दमली होती बिचारी.”

मी म्हटलं, “बाबा, हा दगाच की.”

“दगा कशाला म्हणायचं ते मी ठरवणार.”

वकील व्हायला हवं होतं यांनी.

मला नवी गाडी हवी आहे. आत थंड हवा येणारी. बटण दाबलं की काच खाली जाणारी. आत्याबाईची एक काच खाली करायला पक्कड लागते.

मंगळवार, ५

आज परत. तीन मिनिटं. बाबा आपलाच विक्रम मोडतायत.

गुरुवार, ७

सध्या क्लासला एकच गिऱ्हाईक उरलंय – कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई. वय पन्नासच्या पुढे. जन्मभर शिलाई मशीन पायाने चालवलंय, त्यामुळे गाडीचे पेडलही तसेच मारतात. टकटक टकटक. वळण लांब असतानाच ब्रेक. गचका. परत ब्रेक. परत गचका. मागे बसलं की पोटातलं सगळं गळ्याशी येतं.

बाबा शांत. “बाई, ही गाडी आहे. हिला शिवायचं काही नाही.”

“सर, मी हळूच दाबते हो.”

“हळू दाबता, पण शंभर वेळा दाबता.”

मी मागून म्हटलं, “काकू, जाता जाता रस्त्याला काजं-बटणं पण करून टाका.” बाबांनी आरशातून असं बघितलं की मी पुढचा अर्धा तास खिडकीबाहेरची झाडं मोजली.

शनिवार, ९

आज वाईट झालं.

शाळेच्या वळणावर पाववाला सायकलवरून आडवा आला. शिंपीणबाईंनी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं. अशा वेळी बाबा असतात. पण गाडी थांबलीच नाही. थांबली ती सायकलच्या मागच्या चाकाला लागून. पाववाला पडला. तळहात सोलला, गुडघा फुटला. टोपलीतले पाव रस्ताभर. मी खाली उतरून पाव गोळा केले.

पाववाला भला माणूस. म्हणाला, “सर, तुम्ही होता म्हणून एवढ्यावर निभावलं.”

बाबा म्हणाले, “ब्रेक लागला नाही.” एवढंच. त्याला दवाखान्यात घेऊन गेले, पट्टी होईपर्यंत शेजारी बसून राहिले.

मी ब्रेकला हात लावलेला नाही. शपथ. फक्त ती तार. पण तार काढता-घालता कोपर कुठे लागलं असेल तर? आतलं काय कुठे जोडलेलं असतं ते मला कुठे कळतं! दहावीला विज्ञानात मला किती मिळाले ते, बाई वही, तुला माहीत आहे.

जेवताना आई म्हणाली, “आता विका ती गाडी. कुणाचा जीव गेल्यावर विकणार का?”

बाबा ताटाकडे बघत म्हणाले, “विकू. पण ती गेली की क्लासही बंद. या वयात नवी गाडी घेऊन मला नव्याने सुरुवात करायची नाही.”

म्हणजे नवी गाडी येणारच नव्हती. मी आठवडाभर बाबांच्याच पायाखालची फळी काढत होतो.

रविवार, १०

आत्याबाईला मिस्त्रीकडे नेलं. बाबा म्हणाले, तूच जा. मिस्त्रीने चाकं काढली, चारी ब्रेक बघितले, मग स्वतः दोन चकरा मारून आला. बाबांच्या बाजूचा ब्रेकही दाबून बघितला.

“ब्रेक तुझ्यापेक्षा शहाणा आहे,” म्हणाला.

“नीट बघितलंस ना?”

“जीभ चावशील इतका कडक लागतो. जा घरी.”

मी इतका खूश झालो की त्याच्या पोराला माझं चॉकलेट दिलं. मी काही केलं नव्हतं!

घरी सांगितलं तर बाबा नुसतं “हं” म्हणाले. मला वाटलं होतं त्यांनाही बरं वाटेल.

मंगळवार, १२

काय लिहू.

दुपारी बाबा दिवाणावर झोपले होते. पाय माझ्याकडे. मला काही काम नव्हतं, हातात झाडूची काडी होती. लहानपणी मी त्यांच्या तळव्याला गुदगुल्या करायचो. ते झोपेतच लाथ झाडायचे आणि मी पळायचो. एकदा लाथेने पाण्याचा तांब्या थेट आईच्या अंगावर उडाला होता.

म्हटलं, बघू अजून चालतं का. डाव्या पायाला काडी लावली. लगेच पाय आखडला, झोपेतच “कोण आहे रे गाढव”. मी तोंड दाबून हसलो. मग उजव्याला लावली.

काही नाही.

परत लावली. बोटांच्या मधे, टाचेला, मधल्या खळग्यात. काही नाही. मग काडी जोरात टोचली. जोरात म्हणजे मला टोचली असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. बाबा शांत घोरत होते. तळव्यावर लाल टिपका उठला होता आणि त्यांना पत्ताच नाही.

बाबांना साखर आहे हे घरात सगळ्यांना माहीत. चहा बिनसाखरेचा, एवढीच त्याची मला ओळख.

शेजारी बसलेला माणूस उजव्या पायाने ब्रेक दाबतो.

बुधवार, १३

आज मुद्दाम मागच्या सीटवर मधोमध बसलो, पुढे वाकून. बाबांच्या उजव्या पायातली चप्पल अर्ध्या रस्त्यात निघाली. ते अनवाणी पायाने ब्रेक शोधत होते आणि त्यांना चप्पल गेल्याचं कळलंच नव्हतं. एका वळणावर त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा उचलला आणि पाय ब्रेकवर ठेवला. पिशवी उचलून ठेवावी तसा. मग डोकं वाकवून बघितलं, बरोबर जागी ठेवलाय ना.

मी झाडांकडे बघितलं.

शुक्रवार, १५

आईला सांगितलं तर ती आजच्या आज सगळं बंद करेल. आणि गल्लीभर होईल – सरांचा पाय गेला, सर आता घरी. नाही सांगितलं तर पुढच्या वेळी सायकलवर पाववाला नसेल, शाळेतलं पोरगं असेल. दोन दिवस हेच चाललंय डोक्यात. एवढा विचार मी परीक्षेत केला असता तर आज कुठल्या कुठे असतो.

मग माझ्या पद्धतीने गेलो. शिंपीणबाईंना फोन केला, आवाज जाड करून. “परवाना कार्यालयातून बोलतोय. वाहन चाचण्या दोन महिने बंद आहेत. तोपर्यंत शिकवणी घेऊ नये.”

पलीकडे मशीनची टकटक थांबली. मग, “घसा बसलाय वाटतं तुझा. ये दुकानात, आल्याचा चहा देते.”

गेलो. काय करणार. त्या मशीनवर बसल्या होत्या. पाय चालू, डोळे कापडावर. म्हणाल्या, “सरांच्या पायाचं तुला कळलं तर.”

मी गारच पडलो. “तुम्हाला कसं कळलं?”

“अरे, मी पायावर जगते. दुसऱ्याचा पाय मला दिसतो. पहिल्या आठवड्यातच दिसला.”

“मग तुम्ही क्लास सोडला का नाही?”

“मी सोडला तर त्यांच्याकडे उरतं कोण? म्हणून मी वळण यायच्या आधीच ब्रेक मारत सुटायची, त्यांच्यावर वेळच यायला नको. तू मागे बसून हसायचास.” मग मशीन थांबवलं. “शनिवारी मात्र माझंच चुकलं. मला आता झोप लागत नाही रे. पण सरांना हे कुठल्या तोंडाने सांगू? त्यांनी माझ्या सुनेला शिकवलं, जावयाला शिकवलं.”

चहा चांगला होता. मी अर्धा तसाच ठेवून उठलो.

रविवार, १७

सकाळी उजाडताच पाना घेऊन खाली गेलो. ठरवलंच होतं. तारेबिरेचा पोरखेळ बास. इंजिनाखाली एक बोल्ट असतो, तो काढला की सगळं तेल गळून जातं. तेलाशिवाय इंजिन चालवलं की आतून जळतं, कायमचं बसतं. मग मिस्त्री काय, मिस्त्रीचा बाप आला तरी उठत नाही.

बाबा आधीच गाडीत बसले होते. शिकणाऱ्याच्या जागेवर, स्टिअरिंगवर हात ठेवून. मी पाना पाठीमागे लपवला.

“चौदा नंबरचा आणलायस का?” बाबा म्हणाले. “त्या बोल्टला सतरा लागतो.”

मी लपवलेला पाना पुढे केला.

“तार तूच सैल करायचास ते पहिल्या दिवशीच कळलं मला. तेवीस वर्षांची धूळ बाकी सगळीकडे आणि तारेच्या टोकावर तेवढे बोटांचे ठसे. चोराने निदान हात तरी धुवावेत.”

“बाबा, चुकलं माझं. पण आजचं ते नाहीये. आज मी…” मी नुसतं त्यांच्या पायाकडे बघितलं.

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. मग म्हणाले, “मंगळवारी काडी लावलीस ना, डाव्या पायाला लागली तेव्हाच मी जागा झालो होतो. डोळे मिटून वाट बघत होतो – आता उजव्याला लावशील, आता तुला कळेल. मग तू रडल्याचं ऐकू आलं.”

मी रडलो होतो हे मी वर लिहिलेलं नाही. रडलो होतो.

“पाववाला उठून उभा राहिला ना, तेव्हाच मी ठरवलं,” बाबा म्हणाले. “तरी आठ दिवस गाडी काढलीच. रोज म्हणायचो, आज शेवटची. माणूस हलकट असतो.” मग खिशातून सतरा नंबरचा पाना काढून माझ्या हातात दिला. “गाडी मेली तर लोक गाडीची चौकशी करतील. पाय मेला म्हटलं की माझी करायला येतील. ते मला झेपणार नाही. आणि आईला यातलं काही कळता कामा नये. ती आधीच माझ्या साखरेने अर्धी झालीय.”

मी खाली सरकून बोल्ट काढला. तेल काळंकुट्ट, कोमट निघालं. अर्धं डब्यात, अर्धं अंगणात. बाबांनी चावी फिरवली. आत्याबाई पहिल्या फटक्यात सुरू झाली, एरवी चार लागतात. बाबा सरकून शेजारच्या सीटवर गेले, त्यांच्या नेहमीच्या.

“तू दाब,” म्हणाले. “मला किती दाबलंय ते कळत नाही.”

मी त्यांच्या जागी बसून ॲक्सिलरेटर दाबला. आधी नुसता आवाज वाढला. मग आतून कुणी हातोडीने ठोकल्यासारखं. मग जळका वास. बाबांचा हात डॅशबोर्डवर होता, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा. मी पाय उचलायला लागलो तर म्हणाले, “सोडू नकोस. अर्धवट ठेवलंस तर मिस्त्री उठवेल तिला.”

एक मोठा खटका झाला आणि ती थांबली.

बाबांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबून बघितला. दोन्ही हातांनी गुडघा उचलून. गाडी बंदच होती. तरी दाबला.

सोमवार, १८

मिस्त्री येऊन बघून गेला. आईसमोर म्हणाला, “वय झालं होतं, वहिनी.” आई म्हणाली, “हो ना.” बाबा पेपर वाचत होते, एकच पान कितीतरी वेळ.

मिस्त्री गेल्यावर आईने मला मागच्या दारी ओढलं. हातात फडकं आणि भुश्याची पाटी दिली. “अंगणातलं तेल पुसून टाक. बाबा बाहेर यायच्या आत. त्यांना वाटतंय मला काही माहीत नाही. वर्षभर रोज त्यांच्या तळव्यांना मी तेल चोळतेय. उजवा पाय कधीच बोलायचा थांबलाय. त्यांनी आपणहून गाडी सोडावी म्हणून मी वाट बघत बसले होते. मला कळलंय हे त्यांना कळलं ना, तर सोडल्याचा मान जाईल त्यांचा. तोंड बंद ठेव.”

मी अंगण पुसलं. डाग पुरता जात नाहीये.

आता बाबांचं आईला सांगायचं नाही आणि आईचं बाबांना. दोघांना दिलेला शब्द माझ्या एकट्याच्या पोटात, आणि माझं पोट कसं आहे ते तुला ठाऊक आहे. म्हणून इथे ओकलो. बाई वही, हात जोडतो, कुणी उघडलंच तर पानं चिकटवून घे. पण कुणाला सांगू नकोस.