पंख्यातला अक्षतेचा दाणा

शुक्रवार, संध्याकाळ. देवपूर.

आज लॅपटॉप दुकानात नेला. मी घरून लग्नाचे अल्बम करून देते, त्याचं नवीन सॉफ्टवेअर त्यावर उघडतच नाही, आणि लग्नसराई तर तोंडावर आली. म्हटलं रॅम वाढवू, प्रोसेसर बदलू, अजून थोडी वर्षं काढू. दुरुस्तीवाल्या इरफानभाईंनी मागचं झाकण काढलं आणि आत बोट दाखवलं. पंख्यात तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला.

“ताई, प्रोसेसर बोर्डालाच पक्का बसवलेला आहे, तो बदलता येत नाही. रॅम टाकली असती, पण तिची खाच बघा.” खाचेत कुंकवाचं पाणी वाळलेलं, पिना गंजलेल्या. म्हणजे तेही नाही.

दर दसऱ्याला माझे सासरे, नाना, लॅपटॉपची पूजा करतात. की-बोर्डवर ओलं कुंकू, अक्षता, वर फुलानं पाणी शिंपडतात. सून घरबसल्या कमावते म्हणून गल्लीभर सांगणारा माणूस! तुमच्या पूजेनंच हे झालं, असं कुठल्या तोंडानं सांगू? तो दाणा पर्समध्ये घालून आणलाय. कशाला, कोण जाणे.

घरी आले तर नाना ओट्यावरच बसलेले. “मशीन दुरुस्त व्हयनं का?”

“नाही हो, नाना. होणार नाही म्हणे.”

नानांनी लॅपटॉपवरून हात फिरवला. मग म्हणाले, “औंदा पूजा कमी पडनी व्हई.” आत गेले आणि वाटीत कुंकू कालवून घेऊन आले.

आणि मी काय केलं? लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला.