शनिवारचा कोळसा

मिडल्सबरो
७ सप्टेंबर २०२५

आदरणीय शांताताईंना,
रचनाचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका. सांगून ऐकणाऱ्या तुम्ही नाही, तरी सांगते. इथे अखेर पाऊस झाला. सुमेधा एडिनबराहून चार दिवस आली होती, काल परत गेली. जाताना माझ्याशी धड बोलली नाही. त्याचं कारण लिहायलाच बसले आहे, पण मघापासून नुसतंच इकडचं तिकडचं लिहितेय.

मोहनच्या अस्थी कधी आणतेस, असं तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत. विहारामागे बाबांच्या अस्थींवर लावलेल्या पिंपळाशेजारी जागा करून ठेवलीत, रोपही आणलंत. मी कागदपत्रांचं कारण सांगत राहिले. ते खोटं होतं. कागद जूनमध्येच हातात आले होते. मी पावसाची वाट बघत होते.

तुमचा भाऊ दर शनिवारी बॅडमिंटनला जातो असं त्याने तुम्हाला सांगितलं होतं ना? तो कोळसा टाकायला जायचा. इथून तासाभरावर माळरानातून जुनी वाफेची गाडी चालते. हौशी लोक बिनपगारी चालवतात. आठवडाभर हॉस्पिटलात एक्स-रे बघणारा डॉक्टर शनिवारी इंजिनावर फावडं मारून काळाठिक्कर होऊन घरी यायचा. अकरा वर्षं. बाबा नागपूरच्या रेल्वे शेडमध्ये फायरमन होते, जन्मभर इंजिनात कोळसा टाकला, त्या धुरानेच खोकून खोकून गेले, आणि भावाच्या हाती फावडं येऊ नये म्हणून तुम्ही स्वतःची शाळा सोडून त्याला शिकवलंत. तुम्हाला सांगायची त्याची छाती झाली नाही. मला म्हणायचा, "बाबा दिवसभर कसे उभे राहायचे, ते मला इथे कळतं."

शेवटच्या आजारात त्याने मागितलं, थोडी राख इंजिनाच्या भट्टीत टाका. इथे गाडीवर जीव असलेल्यांची राख तशी टाकतात. पण उन्हाळाभर ठिणगीने माळ पेटेल म्हणून वाफेचं इंजिन बंद होतं. पाऊस झाला आणि बुधवारी आम्हाला बोलावणं आलं.

अर्धी तिथे आणि अर्धी तुमच्याकडे, असं ठरलं होतं. चढ लागण्याआधीच्या स्टेशनवर कीथ नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने आम्हा दोघींना इंजिनावर घेतलं, टोपी काढली आणि फावडं पुढे धरलं. सुमेधाने त्रिशरण म्हटलं. मी डब्यातून राख ओतू लागले. अर्ध्यावर आल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"आई, बास. हाफ आत्याचा आहे."

मी थांबले नाही. डबा झटकून रिकामा केला.

हात थरथरला, चुकून झालं, असं लिहिता आलं असतं. तसं नव्हतं. तो गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात, "तूच त्याला तिकडे अडकवून ठेवलंस." ते मला नेमकं तेव्हा आठवलं, आणि तुमच्यासाठी काही उरू द्यायचं नाही म्हणून मी ओतलं. मी इतकी खुनशी असेन असं मला वाटलं नव्हतं.

कीथने फावडं भट्टीत रिकामं केलं, आम्ही दोघी मागे प्रवाशांच्या डब्यात जाऊन बसलो आणि गाडी चढाला लागली. दोन्हीकडे माळ जांभळ्या फुलांनी भरलेला, लोक खिडकीतून फोटो काढत होते. धूर आत आला. समोरच्या बाईने टेबलावरची काजळी टिश्यूने पुसली आणि टिश्यू चहाच्या रिकाम्या कपात कोंबला. तो कप मागावासा वाटला. मागितला नाही. मी काय करून बसले ते तेव्हा कळलं. सुमेधा तोंड फिरवून बसली होती.

संध्याकाळी कीथने इंजिनाखाली साठलेली राख बिस्किटांच्या डब्यात भरून दिली. त्यात मोहन किती आणि कोळसा किती, कुणीच सांगू शकत नाही. ह्याच अस्थी म्हणून तुमच्या हातात दिल्या असत्या, तर तुम्हाला कळलंही नसतं. दोन दिवस मी तोच विचार करत होते, हेही लिहून टाकते.

पंचवीस तारखेचं तिकीट काढलं आहे. हा डबा आणू की नको, तेवढं कळवा. मी मात्र नक्की येणार. काय बोलायचं असेल ते तोंडावर बोला ताई, फोनवर नको.

तुमचा वाटा जाळून बसलेली,
रचना