कोपर्निकस मार्गावरचे एकशे नव्वद

मंगळवार, २० जानेवारी
कालच्या नोंदीत दुरुस्ती. हवेतल्या धुळीचं रीडिंग कोपर्निकस मार्गावर सकाळी आठला घेतलं, असं लिहिलंय. आठ नव्हे, आठ वाजून वीस मिनिटं.
आणखी एक दुरुस्ती. घेतलंच नाही. परेडच्या रिहर्सलमुळे रस्ता बंद होता, पोलिसाने अलीकडच्या मंडी हाउस चौकातूनच परत पाठवलं. मग आदल्या दोन दिवसांची सरासरी काढली. १८४ आणि १९६, म्हणजे १९०. ही थाप नव्हे, अंदाज. रीडिंग चुकलं तर रेघ ओढा, लाजू नका, असं बी.एस्सी.च्या मुलांना मीच सांगितलंय. पण बाईंच्याच तक्त्यात रेघ बरी दिसत नाही. मुलांचा उत्साह जातो.
उद्या वर्गात सांगून टाकीन.

बुधवार, २१ जानेवारी
सांगितलं नाही. प्रोजेक्टर बंद होता.
सगळ्यांचे दहा दिवसांचे आकडे एकत्र केले. मुनिरक्यात खोली घेऊन राहणाऱ्या धीरजच्या तक्त्यात तीन रेघा. म्हणाला, मॅम, झोपलो होतो. प्रामाणिकपणाबद्दल त्याला वर्गासमोर शाबासकी दिली. देताना माझे कान गरम झाले. हीटर जवळ होता.

गुरुवार, २२ जानेवारी
संकट. १९ तारखेला दाट धुकं. सगळीकडे आकडा साडेतीनशेच्या वर, फक्त कोपर्निकस मार्गावर १९०. क्षिप्राने (दिल्लीतच वाढलेली, मराठीत अर्धं हिंदी) शोध लावला की रस्ता बंद, गाड्या नाहीत, म्हणून हवा साफ. म्हणाली, बिल्कुल सॉलिड पॉइंट आहे यार! मग यार म्हटल्याबद्दल सॉरी म्हणाली. मी म्हटलं, एका आकड्यावर निष्कर्ष नको. तर म्हणते, पण मॅम, तो तुमचा आकडा आहे ना.
विभागप्रमुख अलकनंदा मॅडमना या शोधावरचं तिचं पोस्टर इतकं आवडलं की ते पुण्याच्या सेमिनारला जाणार. क्षिप्राचं नाव सर्वांत वर.
मी सांगणारच होते. पण मॅडमनी पेढा दिला, तोंड भरलेलं होतं.

शनिवार, २४ जानेवारी
बाबांना फोन. चौथीपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं, सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत थर्मामीटर टांगून. एखाद्या दिवशी बघायचं राहिलं की वहीत लाल रेघ. विचारलं, समजा माझ्या एका मैत्रिणीने आकडा अंदाजाने भरला तर? बाबा म्हणाले, तिला सांग बाळा, लाल पेन अजून माझ्याकडे आहे.
मैत्रिणीच्या बाबतीत फारच कडक वागतात.
संध्याकाळी क्षिप्राचा मेसेज. आईने सगळ्या नातेवाइकांना पोस्टरचं सांगून टाकलंय. मंगळवारी सकाळी नऊला पाठवणार. खाली आभारात तुमचं नाव टाकू?
‘क्षिप्रा, एक बोलायचं होतं’ असं टाइप केलं. खोडलं. अंगठा पाठवला.

रविवार, २५ जानेवारी
ठरलं. आता चालढकल नाही. चुकीचा शोध त्या पोरीच्या नावावर जाता कामा नये. फोनवर सांगणं पळपुटेपणाचं. समोरासमोर, सगळ्या वर्गादेखत सांगायचं आणि १९० वर लाल रेघ ओढायची. नवं लाल पेन आणलंय. पोस्टर मंगळवारी जाणार, म्हणजे बरोबर एक दिवस हाताशी आहे. कॅलेंडर समोर ठेवून, शांत डोक्याने दिवस निवडला: उद्या, सोमवार, २६ जानेवारी, कॉलेजचा पहिला तास.