फुकटचा ब्रश

प्रिय वन्सं,

तुम्ही दुकानातच बजावलं होतं, "गरज नसेल ते फुकटातही घेऊ नये." मी हसून म्हटलं, "फुकट ते पौष्टिक." आणि एका टूथब्रशवर मिळालेला दुसराही घरी आणला.

घरात मी एकटी. तरी रोज सकाळी उठून पाहते, तर तो दुसरा ब्रशही ओला असतो. काल फेकायला म्हणून उचलला, तर दांडा कोमट लागला, जणू कुणी नुकताच हातातून खाली ठेवलाय. मी परत जागेवर ठेवला.

हे मुलाला कळलं तर घर विकून मला त्याच्याकडे नेईल. तुमच्या पोटात काही राहत नाही, म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही.

आज पेस्टची मोठी ट्यूब आणली. दोघांना तीच परवडते.

तुमची भावजय